पतपेढीच्या तीन शाखा जोडायच्या आहेत : लीज लाइन, फायबर, फाइव्ह-जी की व्हीसॅट?

चिवडागल्लीकर

नमस्कार मंडळी.

आमची एक छोटी सहकारी पतपेढी आहे. मुख्य शाखा लालबागला, दुसरी भांडुप पश्चिमेला, तिसरी डोंबिवलीत. मी संचालक मंडळावर आहे आणि "तुला कॉम्प्युटरमधलं कळतं" एवढ्या एका पात्रतेवर हे काम माझ्या गळ्यात पडलंय. आतापर्यंत प्रत्येक शाखेचा हिशेब वेगळा असायचा, संध्याकाळी डे-एंड झाला की फाइल मेलने मुख्य शाखेत. आता सॉफ्टवेअर एकच होणार आणि सर्व्हर नवी मुंबईत महाप्याच्या एका डेटा सेंटरमध्ये जाणार. म्हणजे लाइन गेली की काउंटर बंद.

कोटेशनं आली आहेत. लीज लाइनवाला (म्हणजे फक्त आपल्यासाठी भाड्याने राखलेली लाइन) ९९.५ टक्के अपटाइम, म्हणजे तेवढा वेळ लाइन चालू राहील असं, लिहून देतो आणि साध्या फायबरच्या कैक पट पैसे मागतो. फायबरवाला लिहून काहीच देत नाही, पण "साहेब, आपली लाइन जातच नाही" म्हणतो. एकजण गच्चीवर फाइव्ह-जीचा डबा लावून द्यायला तयार आहे. आणि आमचे एक ज्येष्ठ संचालक पूर्वी शेअर दलालाकडे होते, ते अडून बसलेत की व्हीसॅटच (गच्चीवरच्या छत्रीतून उपग्रहामार्फत चालणारी लाइन) घ्या, ती छत्री कधी दगा देत नाही.

यातलं सगळ्यात भरवशाचं कोणतं? स्पीडचं म्हणाल तर आमच्या व्हाउचरला स्पीड लागत नाही.

टिनपाट

फायबर घ्या, विषय संपला. माझ्या घरी मस्त चालतं.

रात्रपाळी

घरी चालणं आणि महिन्याच्या दहा तारखेला कॅश काउंटरवर चालणं यात फरक आहे हो.

मी एका कंपनीच्या नेटवर्क कंट्रोल रूममध्ये शिफ्टला असते (कंपनी विचारू नका), रोजचं काम हेच. आधी त्या ९९.५ चं बघू. वर्षाचे तास ८७६०. त्याचा अर्धा टक्का म्हणजे ४३.८ तास. करार न मोडता ते तुम्हाला वर्षात जवळजवळ ४४ तास बंद ठेवू शकतात, आणि ते तास रात्रीचेच असतील असं कुठेही लिहिलेलं नसतं. हाच आकडा ९९.९ असता तर पावणेनऊ तास झाले असते. शिवाय मोजणी महिन्याची की वर्षाची, तेही वाचा. महिन्याची असेल तर साडेतीन तासांपर्यंत तुम्हाला तोंड उघडायला जागा नाही. आणि समजा करार मोडलाच, तर मिळतं काय? भाड्यात थोडी सूट. रांगेतल्या मावशींना ती दाखवून उपयोग नाही.

मग लीज लाइनवाले जादा पैसे कसले घेतात? माझ्या मते दुरुस्तीच्या रांगेत पुढे उभं राहण्याचे. रस्त्यात केबल तुटली की जॉइंट मारणारी टीम कोणाचे धागे आधी जोडते, हा प्रश्न असतो. एकाच केबलमध्ये लीज लाइन पण असते आणि घरगुती फायबर पण. तुटताना दोन्ही एकदम तुटतात, जोडताना मात्र नंबर लागतो. तुम्हाला तो पुढचा नंबर हवाय की नको, एवढंच ठरवायचं.

आता मुख्य गोष्ट. तुम्ही "यातलं कोणतं एक" असं विचारताय, तिथेच मला अडायला होतं. समजा ९९ टक्केच चालणारी एक सामान्य लाइन आहे. वर्षाला साडेतीन दिवस बंद, म्हणजे नावं ठेवण्यासारखीच. अशा दोन घेतल्या आणि एकीच्या पडण्याचा दुसरीशी काही संबंध नसेल, तर दोन्ही एकदम बंद असण्याचा वेळ वर्षाला सुमारे ५३ मिनिटं येतो. तुमच्या महागड्या लीज लाइनच्या ४४ तासांसमोर ५३ मिनिटं! पण हे गणित संबंध नसण्यावरच उभं आहे आणि मुंबईत ते सहसा खरं ठरत नाही.

२४ फेब्रुवारी २०२१ आठवतंय का? एनएसई, म्हणजे राष्ट्रीय शेअर बाजार, सकाळी ११.४० ला थांबलं ते दुपारी पावणेचारला उघडलं, आणि त्या दिवशी पाच वाजेपर्यंत बाजार चालवावा लागला. त्यांच्याकडे लिंक दोन वेगवेगळ्या कंपन्यांच्या होत्या. दोन्हीकडे एकदम गडबड झाली. दोन साइटच्या मधल्या वाटेवर खोदकाम आणि बांधकाम चालू होतं, असं त्यांनीच पुढे सांगितलं. त्यात स्टोरेज यंत्रणेचाही भाग होता, पण तो वेगळा विषय. आपल्यापुरतं एवढंच की बिलं दोन आली म्हणून वाटा दोन होत नाहीत.

म्हणून कोटेशन देणाऱ्या प्रत्येकाला विचारा : तुमची वायर माझ्या बिल्डिंगमध्ये कुठून शिरते, आणि रस्त्याच्या कोणत्या बाजूने येते? "अंडरग्राउंड आहे साहेब" हे उत्तर नव्हे.

चिवडागल्लीकर

ताई, डोळे उघडलेत. पण व्हीसॅटचं काय करू? तो माणूस पुढच्या सभेत पुन्हा उठणार.

जुना_मोडेम

तुमचे संचालक ज्या काळाबद्दल बोलताहेत त्या काळात ते शंभर टक्के बरोबर होते. १९९४ साली एनएसई सुरू झालं तेच व्हीसॅटच्या जोरावर. तांब्याच्या लाइनींचे हाल असे होते की दलालाच्या कचेरीत खात्रीने पोचेल अशी एकच वाट होती, आकाशातली. फोर्टात कुठल्याही इमारतीच्या गच्चीवर जा, छत्र्याच छत्र्या. रस्ता खोदला, मॅनहोल तुंबलं, छत्रीला काही फरक पडत नसे. शिवाय तेव्हाचे बरेच व्हीसॅट एक्स्टेंडेड सी बँडवर, म्हणजे कमी फ्रीक्वेन्सीच्या लहरींवर होते. त्या लहरींना पाऊस फारसा जाणवत नाही.

आता तुम्हाला जी लहान छत्री विकतील ती बहुधा केयू बँडची, म्हणजे जास्त फ्रीक्वेन्सीची. फ्रीक्वेन्सी वाढली की पावसाचे थेंब सिग्नल खायला लागतात. नागपूरला चालून जाईल, पण मुंबईच्या जुलैत धो धो कोसळायला लागलं की ती नेमकी तेव्हाच झोपणार.

दुसरं म्हणजे अंतर. उपग्रह ३५,७८६ किलोमीटर उंचीवर. वर जाऊन खाली यायलाच पाव सेकंद लागतो, म्हणजे प्रश्न आणि उत्तर मिळून अर्धा सेकंद आणि वर थोडा. दलालाची ऑर्डर लहानशी, एकदा गेली की गेली, त्यामुळे चालायचं. तुमचं सॉफ्टवेअर खातं नंबर टाकला की सर्व्हरला विचारणार, नाव आणणार, सही आणणार, शिल्लक आणणार. दर वेळी अर्धा सेकंद मोजत बसा.

आणि छत्री दगा देत नाही म्हणे! मार्चमध्ये आणि मग सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमाराला सूर्य नेमका उपग्रहाच्या मागे येतो. सूर्याच्या गोंगाटात उपग्रहाचा आवाज बुडतो, रोज काही मिनिटं, असे काही दिवस. सन आउटेज म्हणतात. एके काळी त्या दिवसांत शेअर बाजार दुपारी मध्येच थोडा वेळ बंद ठेवायचे आणि संध्याकाळी तेवढा वेळ वाढवून द्यायचे. तुमच्या संचालकांना हे आठवत असणार, विचारून बघा.

नवीन खालच्या कक्षेतले उपग्रह येताहेत, त्यात हे अंतराचं दुखणं नाही. पण ते इथे व्यवस्थित रुळेपर्यंत पतपेढीच्या पैशाने प्रयोग नको.

टिनपाट

काका, तुम्ही कुठे होता तेव्हा? किस्से येऊ द्या.

जुना_मोडेम

किस्से राहू देत, पण या धाग्याशी संबंध असलेली एक गोष्ट सांगतो. माझी बरीच नोकरी एक्स.२५ वर गेली, म्हणजे टेलिफोनच्या तारांवरून डेटाची पाकिटं पाठवायच्या जुन्या पद्धतीवर. आपल्याकडे दूरसंचार खात्याचं आय-नेट होतं, परदेशासाठी व्हीएसएनएल या सरकारी कंपनीचं जीपीएसएस. सार्वजनिक डेटा नेटवर्क म्हणजे तेव्हा हेच. १५ ऑगस्ट १९९५ ला व्हीएसएनएलने इंटरनेट सगळ्यांना खुलं केलं, त्याच्या आधीपासूनचं.

एक्स.२५ हे खराब तांब्यासाठीच जन्माला आलेलं, १९७६ चं. प्रत्येक टप्प्यावर पाकीट तपासायचं. खरखरीने एक बिट जरी बिघडला तरी पुढे पाठवायचं नाही, मागच्या टप्प्याकडून परत मागवायचं. त्यामुळे हळू, इतकं हळू की आजची पोरं हसतील. पण पोचलेला आकडा म्हणजे पोचलेलाच आकडा. पुढे फायबर आली, लाइनीतल्या चुका जवळजवळ संपल्या, मग एवढी तपासणी कोण कशाला करेल? त्यानंतर आलेल्या फ्रेम रिले पद्धतीने सरळ ठरवलं, बिघडलेली फ्रेम टाकून द्यायची, परत मागवायचं काम दोन टोकांच्या मशिनींनी बघावं. इंटरनेटही तसंच. मधले राउटर हमी देत नाहीत, टोकाच्या मशिनींत टीसीपी नावाचा प्रोटोकॉल बसलेला असतो, ते हरवलेलं परत मागवतं.

आमच्यातले जुने लोक अजून म्हणतात, एक्स.२५ सारखा भरवसा कशातच नाही. मला हे अर्धंच पटतं. आकडा बिघडू न देण्यात त्याला तोड नव्हती. पण मॅनहोलमध्ये पाणी शिरून कागदी इन्शुलेशनची केबल भिजली की एक्स.२५ पण गप्प आणि टेलिफोन पण गप्प. दर पावसाळ्यात. प्रोटोकॉल कितीही शहाणा असला तरी केबल पाण्यात गेल्यावर त्याच्या हातात काही राहत नाही. म्हणून कुठलं तंत्रज्ञान भारी ही चर्चा मला कायम अपुरी वाटते. आधी वाट बघा, वीज बघा, मग तंत्रज्ञान.

२६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पडला. त्याच दिवशी कुलाब्याला ७५ सुद्धा नाही. उपनगरांत वीज बंद, टॉवरच्या बॅटऱ्या संपल्या, मोबाइल मुके. ज्यांचं एक ऑफिस दक्षिणेला आणि एक उपनगरात होतं त्यांचं निदान अर्धं काम चाललं.

वायरमन_कुर्ला

काकांना नमस्कार. मी वायर ओढणारा माणूस, कुर्ला-चेंबूर पट्ट्यात. ताई बोलल्या ते सगळं बरोबर, पण वरच्या कमेंटमध्ये सगळे नुसतं "फायबर फायबर" करताहेत. त्यात दोन जाती आहेत आणि विकताना दोन्हीला फायबरच म्हणतात.

एक जात अशी की एक्स्चेंजमधून निघालेली काच (म्हणजे खरी फायबर) थेट तुमच्या टेबलावरच्या डब्यापर्यंत येते. मध्ये स्प्लिटर असतो, एकाच्या ३२ किंवा ६४ वाटा करणारा, पण त्याला वीज लागत नाही. एक्स्चेंजला बॅकअप आहे आणि तुमच्या डब्याला इन्व्हर्टर आहे, तर अख्ख्या गल्लीत अंधार असला तरी नेट चालू.

दुसरी जात गच्चीवाली. काच फक्त शेजारच्या कुठल्या तरी बिल्डिंगच्या गच्चीपर्यंत. तिथे पत्र्याची पेटी, आत मीडिया कन्व्हर्टर (काचेतला सिग्नल तांब्याच्या वायरीत उतरवणारा) आणि स्विच, आणि तिथून पुढे लॅनची वायर गच्चीवरून गच्चीवर. त्या पेटीला वीज कुणाच्या मीटरवरून? बहुतेक वेळा लिफ्टच्या खोलीतून एक पिन मारलेली असते. त्या बिल्डिंगच्या मेकॅनिकने लिफ्टचा मेन पाडला की तुमची पतपेढी बंद, आणि तुम्ही आपले कस्टमर केअरला फोन करत बसणार. पावसात त्या पेटीत पाणी, विजा चमकल्या की पोर्ट जळाले, हे तर नेहमीचंच.

ओळखायला सोपं आहे. शाखेत येणाऱ्या वायरचं टोक बघा. हिरव्या टोकाची बारीक पिन डब्यात जात असेल तर काच आत आलीये. टेलिफोनच्या पिनची मोठी बहीण दिसणारी पिन असेल तर गच्चीवर जाऊन पेटी शोधा. काचवाल्या डब्यावर एलओएस नावाचा दिवा असतो. तो लाल झाला तर काच तुटलीये किंवा कुठेतरी दुमडलीये, राउटर बंद-चालू करून काही होणार नाही.

अजून एक. लोकांना वाटतं सगळ्यात जास्त लाइनी पावसात जातात. आमचा अनुभव विचाराल तर मे महिना. पावसाळ्यात महापालिका खोदायला परवानगी देत नाही, अगदी तातडीचं सोडून. म्हणून मे अखेरपर्यंत जो तो जेसीबी घेऊन रस्त्यावर. पाणी खातं, गॅसवाले, वीजवाले, काँक्रीटवाले. एका फटक्यात चार कंपन्यांच्या केबली वर येतात.

आणि तुमचं लालबाग! तिथे रस्त्यावरून आडवी गेलेली वायर घेऊच नका. आगमनाच्या मिरवणुकीत मूर्ती येते, पोरं बांबूने वायरी उचलतात. उचलली गेली नाही तर कापतात. त्यांचंही बरोबर आहे, बाप्पा थांबणार नाही.

कल्याणस्लो

बाप्पावरून आठवलं. लालबागला फाइव्ह-जी बॅकअप म्हणून घ्या, पण त्या दहा दिवसांत त्याच्या जिवावर राहू नका. टॉवर तेवढाच आणि त्याच्याखाली लाखो फोन व्हिडिओ टाकताहेत. सिग्नलच्या दांड्या फुल, आत काही हलत नाही. दुकानदारांचे पैसे आल्याचं सांगणारे स्पीकरसुद्धा गप्प होतात. कंपन्या चाकांवरचे टॉवर आणून लावतात, थोडा फरक पडतो.

पावसाची भीती मात्र उगाच नको. ३.५ गिगाहर्ट्झच्या फाइव्ह-जीला पाऊस विशेष अडवत नाही, २६ गिगाहर्ट्झची गोष्ट वेगळी. पावसात मोबाइल नेट जातं ते बहुतेक वेळा टॉवरची वीज गेल्यामुळे, नाहीतर टॉवरला येणारी फायबर तुटल्यामुळे. हो, टॉवरलासुद्धा फायबरच येते. तुमची फायबर आणि टॉवरची फायबर एकाच खड्ड्यातून आली असेल तर ताईंच्या गणिताचे बारा वाजले.

१२ ऑक्टोबर २०२० ला सकाळी दहाच्या सुमाराला मुंबई-ठाण्याची वीज गेली, लोकल जागच्या जागी थांबल्या. माझा फायबरचा डबा इन्व्हर्टरवर होता, तो चालत राहिला. मोबाइल नेट मात्र तासाभरात रांगायला लागलं, कारण सगळं शहर एकदम त्याच्यावर आलं. बॅकअप सगळ्यांचा एकच असेल तर ऐन वेळी त्यात जागा मिळत नाही.

हिशेबनीस

मी नेटवर्कवाला नाही, पण पतसंस्थांची ऑडिट करतो. दोन गोष्टी.

पिग्मी एजंटच्या मशीनला दिवसभर लाइन लागतच नाही. पावती मशीनमध्ये साठते, संध्याकाळी शाखेत येऊन उतरवली की झालं. ती सोय नव्या सॉफ्टवेअरमध्ये आहे ना, हे आधी विचारा. "आता सगळं ऑनलाइन" म्हणून काढून टाकतात आणि मग एजंट भर दुपारी भाजी मार्केटमध्ये रेंज शोधत फिरतो.

दुसरं. लाइन मध्येच गेली की कॅशियर काय करतो? "सेव्ह" दाबलं, चक्र फिरतंय, काही होत नाही, पुन्हा दाबतो. लाइन आली की एकाच भरण्याच्या दोन नोंदी. संध्याकाळी कॅश जुळत नाही आणि सगळे आठपर्यंत बसून.

रात्रपाळी

हिशेबनीस, तुमच्या दुसऱ्या मुद्द्याला +१. मोडेमकाकांचं एक्स.२५ सुद्धा इथे वाचवणार नाही, कारण पाकीट नीटच पोचलंय, फक्त दोनदा. यावर उपाय सॉफ्टवेअरमध्ये हवा. प्रत्येक व्हाउचरला शाखेतच नंबर पडला पाहिजे आणि तोच नंबर दुसऱ्यांदा आला तर सर्व्हरने "हे झालंय" म्हणून परत पाठवलं पाहिजे. विक्रेत्याला डेमोत समोर बसवा, सेव्ह दाबल्या दाबल्या वायर उपटा, पुन्हा लावा आणि पुन्हा सेव्ह दाबा. चेहरा बघण्यासारखा होतो.

चिवडागल्लीकर, दोन लाइनी घेतल्यावर आपोआप बदलणारा राउटर लागेल. त्यात एक सेटिंग लोक हमखास सोडून देतात. राउटर लाइन जिवंत आहे की नाही हे कसं ओळखतो? नुसतं समोरच्या मोडेमला विचारून. मोडेम तुमच्याच टेबलावर असतो, तो हो म्हणणारच! बाहेर रस्त्यात केबल तुटली तरी राउटरच्या लेखी सगळं आलबेल. त्याला महाप्याच्या सर्व्हरला पिंग करायला, म्हणजे "आहेस का?" असं सारखं विचारायला लावा. आणि पहिली लाइन परत आल्या आल्या उडी मारायला लावू नका, काही मिनिटं सलग नीट चालली तरच परत फिरायचं. नाहीतर जॉइंट मारताना लाइन ये-जा करते आणि राउटर दिवसभर इकडून तिकडे नाचतो.

फाइव्ह-जीवर बाहेरून पोचता येईल असा स्वतःचा पत्ता सहसा मिळत नाही, तेव्हा व्हीपीएन (इंटरनेटवरून जाणारी खासगी, कुलूपबंद वाट) शाखेकडून सर्व्हरकडे उघडणारं असू द्या. विक्रेता उलटं मागत असेल तर सुरुवातीलाच बोलून घ्या.

टिनपाट

समुद्रातल्या केबल तुटतात त्याचं काय? मागे इजिप्तजवळ तुटली तेव्हा सगळं ठप्प झालं होतं.

जुना_मोडेम

ती ३० जानेवारी २००८ ची गोष्ट, अलेक्झांड्रियाजवळ. देशाची बाहेर जायची वाट अर्ध्यावर आली होती. पण यांचा सर्व्हर महाप्याला आहे, लालबागहून महाप्याला जायला इजिप्त लागत नाही. दोन्ही कंपन्यांची आपसातली देवाणघेवाण मुंबईतच होते ना, एवढं मात्र विचारून घ्या. नसेल तर शेजारच्या गल्लीतलं पाकीट चेन्नई फिरून येतं.

चिवडागल्लीकर

रविवारी तिन्ही शाखा पाहून आलो. लालबागला दोन्ही फायबरवाले एकाच प्लास्टिकच्या पाइपातून, मीटर रूमच्या शेजारून आत येतात. एकाला सांगितलं, मागच्या गल्लीतून आण, नाहीतर ऑर्डर दुसऱ्याला. आधी "होत नाही" म्हणाला, मग "बघतो" म्हणाला. डोंबिवलीला हिरवी पिन आहे आणि फाइव्ह-जीचा सिग्नलही चांगला, तिथे तेवढंच पुरे. लीज लाइन फक्त लालबागला घ्यावी का, यावर मंडळात अजून खडाजंगी चालू आहे. ज्येष्ठ संचालकांना सन आउटेज आठवला. छत्रीचा विषय त्यांनीच मागे घेतला आणि वर आम्हाला अर्धा तास त्या काळच्या गोष्टी ऐकवल्या.

भांडुपला मात्र वायरमनभाऊ म्हणाले तसंच निघालं. पेटी शेजारच्या बिल्डिंगच्या गच्चीवर, पिन लिफ्टच्या खोलीत. त्या पेटीला आपल्या खर्चाने बॅटरी बसवून देऊ का?

वायरमन_कुर्ला

देऊ नका. पेटी त्याची, गच्ची तिसऱ्याची, बॅटरी तुमची, चोरीला गेली की भांडण तिघांचं. भांडुपला काच आत आणणारा दुसरा कोणी आहे का बघा, एखाद्या बिल्डिंगने मागणी केली की येतात. तोवर फाइव्ह-जी पहिली लाइन आणि ही गच्चीवाली दुसरी, असं उलटं लावा.

बॅटरी घ्यायचीच तर शाखेतल्या डब्यासाठी घ्या. बहुतेक डबे १२ व्होल्टचे असतात, त्यांना थेट लागणारे छोटे यूपीएस मिळतात. घ्यायच्या आधी अडॅप्टरवर अँपिअर किती लिहिलेत ते वाचा. काच उतरवणारा डबा आणि राउटर वेगवेगळे असतील तर दोन्ही त्यावर लावा. लोक राउटर लावतात आणि डबा भिंतीच्या पिनवरच विसरतात.

चिवडागल्लीकर

अडॅप्टरवर १२ व्होल्ट दीड अँपिअर असं आहे, डब्याला आणि राउटरला वेगवेगळे. दोन्ही एका यूपीएसवर चालतील की दोन घेऊ?

वायरमन_कुर्ला

दोन्ही मिळून तीन अँपिअर झाले. एवढं देणारा आणि दोन आउटपुटचा मिळाला तर एकच घ्या. साधा दोन अँपिअरवाला असेल तर दोन घ्या.